तारांकित

सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की
मी झडती देऊन प्रेसच्या आत जाते,
झडती देऊन बाहेर येते.
मधले आठ तास डोळ्यांसमोर करकरीत कागद.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला, कड तिरकी गेलेली
एखादी तरी नोट निघतेच.
ती काढायची. तिच्या जागी दुसरी घालायची.
दुसरीच्या नंबरात एक चांदणी असते,
बारीक, शोधल्याशिवाय न दिसणारी.
किंमत तेवढीच.

मी चांदणीवाली.
माझ्याआधी सुनयना होती, सव्वा वर्षाची,
एका रात्रीच्या तापात गेली.
मग मी झाले. नाव उत्तरा.
नक्षत्रावरून ठेवलं, आई सांगते.
शाळेत शब्दकोशात पाहिलं : नंतरची.
तिची झबली मला बरोब्बर आली
याचं घरात इतकं कौतुक झालं
की पुढे कित्येक वर्षं
मी कशातही बरोब्बर बसून दाखवत राहिले.

हेमराज देवळालीचा. त्याची सोयरीक नुकतीच मोडलेली.
तिला पोहे तिखट लागायचे, तो म्हणाला,
आणि मी मिरच्या वाढवल्या.

मग गायधनी. विधुर, जेल रोडला दोन खोल्या.
खुंटीवर तिची पर्स अजून लटकत होती,
चेन अर्धी उघडी.
मैत्रीण म्हणाली, पळ.
मला तर ती पर्स पाहून हायसं वाटलं,
परमुलखात आपल्या गावच्या एसटीची पाटी दिसावी तसं.
इथलं काम मला येतं.
रिकाम्या जागेचं माप घ्यायचं,
श्वास आत ओढायचा, बसायचं.
सात महिन्यांनी तो म्हणाला, तू चांगली आहेस, पण.
पणच्या पुढे त्याने काही लावलं नाही.
मला सगळं ऐकू आलं.

मध्ये एकजण होता, तो राहिलाच सांगायचा.
नोएल साळवे, शरणपूरचा, शिलाई मशीन दुरुस्त करतो.
गंगापूर रोडला मिसळ खाताना विचारलं,
आधी कुणी होतं?
नाही.
कुणी नाही म्हणालं?
मी कुणाला विचारलंच नाही, म्हणाला,
आणि पावाने रस्सा पुसत, तुला काय आवडतं?
मी मागे वळून पाहिलं,
दुसऱ्या कुणाला विचारतोय की काय.

त्याच्या आयुष्यात कुठे खड्डाच नव्हता.
मी उभी कुठे राहणार?
घरी येऊन यादी केली :
दात पुढे, हसणं मोठ्याने, बोटांना तेलाचा वास,
आईला चर्च चालायचं नाही.
आईला मी विचारलं नव्हतं.
यादी पक्की झाली. दोष काढायचाच तर मला पगार मिळतो.

परवा दत्तमंदिर स्टॉपवर मेथीवाला म्हणाला,
ताई, ही बदलून द्या. नंबरात चांदणी आहे, खोटी आहे.
मी म्हटलं, खरी आहे.
तो म्हणाला, कुणी घेत नाही.
मग माझा आवाज चढला.
दुसरी खराब निघाली म्हणून ही छापली, एवढंच!
ही कुणाची नक्कल नाही,
हिचा नंबर हिचाच आहे, जगात दुसरा नाही!
रिक्षावाले बघायला लागले.
मेथीवाला घाबरून म्हणाला, ओ ताई, जुडी फुकट न्या,
पण रडू नका.

जुडी घेतली नाही. नोटही खर्च केली नाही,
पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

रात्री मोबाइल काढला.
त्याचा नंबर अजून ‘शिलाई मशीन’ नावानेच.
आमचं मशीन धडधाकट, आईने दुपारीच उशांचे अभ्रे शिवलेले.
मी उठून त्याचा पट्टा काढून ठेवला.
थोडा वेळ तो हातात घेऊन बसले,
चामड्याचा, गुळगुळीत,
आणि काय करतोय आपण, म्हणून
परत चाकावर चढवला.

फोन लावला.
काय बिघडलंय? त्याने विचारलं, झोपेतच.
काही नाही, म्हटलं.